‘फॉरमॅट मारून देऊ का?’ : जुन्या लॅपटॉपबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं की जुन्या, स्लो झालेल्या लॅपटॉपबद्दल प्रश्न पाठवा, आणि पाठवलेत तुम्ही, भरपूर. निम्म्याहून जास्त पत्रांत प्रश्न एकच आहे, फक्त कंपनी आणि गाव वेगळं. म्हणून त्यातलं एक पत्र पहिलं घेतलंय आणि त्याला उत्तरही लांबलचक दिलंय, ते सगळ्यांनीच वाचा, कारण पुढच्या उत्तरांत तेच तेच परत सांगणार नाहीये. नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

प्रश्न : नमस्कार, मी निवृत्त शिक्षक. २०१५ साली घेतलेला लॅपटॉप आहे, आय३ पाचव्या जनरेशनचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. चालू केला की चहा करून, पिऊन, कप विसळून होतो तरी ते गोल फिरायचं थांबत नाही. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारून देतो, पुतण्या म्हणतो रॅम वाढवा, मुलगा म्हणतो टाकून द्या, नवीन घेऊ. मला पेन्शनचं बघणं, ईमेल, यूट्यूब आणि सोसायटीचा हिशेब एक्सेलमध्ये, एवढंच करायचंय. कोणाचं ऐकू? (सातारा)

उत्तर : सर, तिघांपैकी कोणाचंच लगेच ऐकू नका, आधी मशीन नेमकं कुठे अडतंय ते बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो, छोटी खिडकी आली तर खाली ‘मोअर डीटेल्स’वर क्लिक करायचं. वर सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम), डिस्क असे कॉलम दिसतील आणि प्रत्येकावर टक्के. आता काहीही न उघडता नुसतं बघत बसा. तुमचं वर्णन वाचून मला वाटतंय की डिस्कवर ९८-१०० टक्के दिसणार आणि सीपीयू पंचवीस-तीस टक्क्यांवर निवांत असणार. तसं असेल तर दुखणं सापडलं, हार्ड डिस्क.

आता असं का होतं ते सांगतो, कारण हे कळलं की दुकानात कोणी गंडवू शकत नाही. तुमच्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरत असते, लॅपटॉपमधली बहुतेक मिनिटाला ५४०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलीसेकंद. हवी ती माहिती हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, शिवाय ते हेड सरकून त्या जागी जायला दहा-बारा मिलीसेकंद, सगळं धरून सोळा-सतरा. म्हणजे सेकंदाला जेमतेम साठ वेळाच ती वेगवेगळ्या जागचं काही उचलून देऊ शकते. रेकॉर्ड रूममध्ये शिपाई एकच आणि बाहेरून चाळीस कारकून हाका मारतायत, तशी गत. सलग मोठी फाईल, एखादा पिक्चर वगैरे, कॉपी करताना हीच डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी देते त्यामुळे ती बिघडलीय असं वाटतच नाही, आणि बिघडलेली नसतेही, पण विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फायली इकडून तिकडून लागतात आणि त्यात विंडोज १० चालू झाल्या झाल्या पाठीमागे अपडेट शोधायला लागतं, डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) स्कॅन काढतो, सर्चवाला फायलींची यादी करत बसतो, हे सगळे एकाच वेळी डिस्कच्या मागे. त्यात तुमची रॅम ४ जीबी, ती भरली की विंडोज जास्तीचं सामान कुठे ठेवतं? परत डिस्कवरच.

यावर उपाय एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी नव्या प्रकारची डिस्क. तिच्यात फिरणारं काही नसतं, सगळं चिपमध्ये, त्यामुळे कुठलीही फाईल एक दशांश मिलीसेकंदाच्या आसपास हाताला लागते. म्हणून जुन्या लॅपटॉपवर एकच खर्च करायचा असेल तर तो एसएसडीचा. तुमच्यासाठी अडीच इंची साटा एसएसडी लागेल, जुनी डिस्क काढायची आणि त्याच जागी, त्याच स्क्रूंनी ती बसते. जुनी डिस्क साडेनऊ मिलिमीटर जाडीची असेल आणि नवी सात मिलिमीटरची असेल तर किंचित सैल वाटते, त्यासाठी पातळ फ्रेम मिळते, ती लावायला सांगा. जाहिरातीत सेकंदाला ३५०० एमबी वगैरे आकडे असतात ते एनव्हीएमई प्रकाराचे, साटाची मजल साधारण ५५० पर्यंतच, पण तुमच्या मशीनमध्ये बहुतेक एनव्हीएमईचा वेगळा स्लॉटच नसणार म्हणून दुकानदाराने ती महागडी पुढे केली तर आधी स्लॉट दाखव म्हणायचं. आणि खरं सांगायचं तर तुमच्या कामाला दोन्हीतला फरक जाणवणारही नाही. १ टीबीच घ्यायची असंही काही नाही. तुमच्या डिस्कवर किती जागा वापरलीय ते बघा, बहुतेक सत्तर-ऐंशी जीबी निघेल, मग २४० किंवा २५६ जीबी पुष्कळ झाली.

आता दुकानदाराचं फॉरमॅट, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकणं. फॉरमॅट मारला की चार दिवस बरं वाटतं कारण चालू होताना आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रामांची गर्दी गेलेली असते, मग ती हळूहळू परत जमते आणि डिस्क तर तीच. फॉरमॅटचे पैसे देणारच असाल तर एसएसडी टाकतानाच नवीन विंडोज टाकून घ्या. लॅपटॉप विंडोजसकट घेतलेला असेल तर त्याची ‘की’ (लायसन्सचा नंबर) बायोसमध्येच, म्हणजे लॅपटॉपच्या बोर्डवरच्या चिपमध्येच असते (विंडोज ८ पासून हे असंच आहे), त्यामुळे तीच आवृत्ती म्हणजे होमची होम, प्रोची प्रो टाकली आणि इंटरनेट जोडलं की ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. लायसन्सचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत आणि क्रॅकवाली तर अजिबात टाकून घ्यायची नाही, त्या ॲक्टिव्हेटरबरोबर काय काय आत येतं ते तुमच्या पेन्शनच्या खात्याला परवडणारं नाही.

एक गोष्ट मात्र मी कळकळीने सांगतो. काम करायच्या आधी फोटो, हिशेब, कागदपत्रं पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या, आणि काम झाल्यावर जुनी हार्ड डिस्क दुकानातून मागून आणा. ती तुमची आहे, त्यात तुमचे आधार-पॅनचे स्कॅन आहेत. यूएसबीचं केसिंग घेऊन त्यात ती बसवली की बॅकअपची डिस्क तयार, १ टीबीची, नुसत्या केसिंगच्या पैशात.

पुतण्या अर्धा बरोबर आहे. एसएसडीनंतर पैसे उरले तर रॅम ४ ची ८ करा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स टॅबवर मेमरीत गेलात की ‘स्लॉट्स यूज्ड’ दिसतं, १ ऑफ २ असेल तर मोकळ्या जागी अजून एक पट्टी बसेल. तुमच्या पिढीला डीडीआर३एल लागते, १.३५ व्होल्टची, साधी १.५ व्होल्टची डीडीआर३ दिसायला तशीच आणि खाचेत बसतेही, पण मशीन बहुतेक चालूच होत नाही. जुनी पट्टी काढून दुकानात दाखवली की काम सोपं. आणि मुलाला सांगा, एक्सेल आणि यूट्यूबसाठी आय३ अजून ठणठणीत आहे. विंडोज १० चा सपोर्ट संपलाय हा एक खरा मुद्दा आहे, त्याचं पुण्याच्या पत्राखाली वाचा.

प्रश्न : एसएसडी लवकर मरते, तिला लिहिण्याची लिमिट असते असं ऐकलंय, मग जुन्या लॅपटॉपमध्ये घालून फायदा काय? (मालेगाव)

उत्तर : लिमिट असते हे खरं. पण ती किती ते बघा, चांगल्या कंपनीच्या ५०० जीबी साटा एसएसडीवर ३०० टीबी लिहून होईपर्यंतची हमी मिळते. रोज २० जीबी लिहिलंत, जे घरच्या वापरात सहसा होत नाही, तरी चाळीस वर्षं. त्याआधी लॅपटॉपची बिजागरी तुटेल. अनोळखी नावाची सगळ्यात स्वस्त एसएसडी मात्र घेऊ नका, आणि बॅकअप ठेवा, कारण हार्ड डिस्क मरायच्या आधी बऱ्याचदा टकटक आवाज करते, एसएसडी न सांगता जाते. हो, आणि एसएसडीवर जुन्या सवयीने बाहेरचं सॉफ्टवेअर टाकून डीफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) करत बसू नका, विंडोज स्वतः तिला लागेल तेवढं सांभाळतं.

प्रश्न : कोपऱ्यात सारखं येतं, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शेकडो एरर सापडले, आत्ता क्लीन करा’. फ्री क्लीनर टाकला, आता तो पैसे मागतोय. मिस्टर म्हणतात भरून टाक, एकदाचं फास्ट होऊ दे. (कल्याण)

उत्तर : ताई, एक रुपया भरू नका. हे एरर त्याने स्वतःच मोजलेत आणि स्वतःच सोडवणार आहे. रजिस्ट्री क्लीनर, पीसी बूस्टर, ड्रायव्हर अपडेटर, रॅम ऑप्टिमायझर ही सगळी एकाच माळेची मंडळी, यांनी मशीन वेगवान होत नाही, उलट चालू होताना आणखी एक जण रांगेत लागतो. कंट्रोल पॅनलमधून काढून टाका. कोपऱ्यात येणाऱ्या सूचना बहुतेक व्हायरसच्या नसतात, कधीतरी कुठल्यातरी साइटवर ‘अलाऊ’ दाबलं गेलेलं असतं. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स इथे परवानगी दिलेल्या साइटची यादी असते, ओळखीचं नाव नसेल ते सगळं उडवा. अँटिव्हायरस एकच ठेवा. विंडोजमधला डिफेंडर घरच्या वापराला पुरतो, पैसे देऊन दुसरा घेतला असेल तर डिफेंडर आपोआप मागे सरतो, पण लोक त्यावर तिसरा फुकटचा टाकतात आणि मग ते दोघे प्रत्येक फाईल दोन-दोनदा तपासत बसतात. आणि अशा सूचनेतल्या नंबरवर फोन करायचा नाही, केलाच आणि समोरच्याने एनीडेस्क (दुसऱ्याला तुमचा कॉम्प्युटर लांबून चालवू देणारं ॲप) टाकायला सांगितलं तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, जितकं लवकर तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : दोनाच्या आठ जीबी रॅम केली, ढिम्म फरक नाही. दुकानवाला म्हणतो रॅम ओरिजिनल आहे. फसलो का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : रॅम बहुधा ओरिजिनलच आहे, विंडोज चुकीचं आहे. ‘धिस पीसी’वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे रॅमसमोर काय लिहिलंय बघा. ‘८ जीबी’ आणि पुढे कंसात ‘२.९ जीबी यूजेबल’ असं काही असेल आणि खाली ‘३२ बिट’ असेल तर झालं ते असं की २ जीबीच्या काळात कोणीतरी ३२ बिट विंडोज टाकून दिलंय, आणि ते ४ जीबीच्या वर बघूच शकत नाही, त्यातलीही थोडी ग्राफिक्सकडे आणि इतर सामानाकडे जाते. प्रोसेसर ‘एक्स६४’ लिहिलेला असेल तर ६४ बिट विंडोज चालेल, पण ते नव्यानेच टाकावं लागतं, वरच्यावर बदलता येत नाही. विंडोजची ‘की’ तीच चालते. ६४ बिट असूनही ७.८ किंवा ७.९ यूजेबल दिसत असेल तर मात्र काळजी नको, तेवढं सगळ्यांचंच कमी दिसतं. आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभरवर असेल तर साताऱ्याच्या सरांचं उत्तर परत वाचा.

प्रश्न : माझा लॅपटॉप सकाळी छान चालतो, पण वीस-पंचवीस मिनिटांनी असा स्लो होतो की टाईप केलेलं अक्षर नंतर उमटतं. पंखा विमानासारखा ओरडतो, खालून चटका बसतो. एसएसडी आधीच आहे. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहितीच आहे. मी पलंगावर बसून काम करते, टेबल नाही. (अकोला)

उत्तर : हे पत्र मला फार आवडलं कारण त्यात निदान लिहूनच आलंय. सुरुवातीला छान आणि तापल्यावर स्लो म्हणजे डिस्कचा वा रॅमचा संबंध नाही, उष्णता. प्रोसेसर पंच्याण्णव-शंभर अंशाजवळ गेला की स्वतःला वाचवायला वेग स्वतःच कमी करतो. बघायचं असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स टॅबवर सीपीयू उघडून ठेवा, ‘स्पीड’ म्हणून आकडा असतो, सकाळी तो अडीच-तीन गिगाहर्ट्झ दिसेल आणि अक्षरं अडायला लागली की एकच्या खाली.

बहुतेक लॅपटॉप बनवताना खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंत धरलेलं असतं. अकोल्यात मे महिन्यात बाहेर ४४-४५ असतं आणि पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत काय असेल ते तुम्ही जाणता, म्हणजे मशीन मुळातच हद्दीबाहेर काम करतंय. त्यात गादी. लॅपटॉप हवा खालून ओढतो आणि बाजूने किंवा मागून फेकतो, गादीवर ठेवला की खालची जाळी बंद. आधी एक पाट किंवा सपाट फळी घ्या आणि तिच्यावर ठेवा, मागच्या बाजूने खाली दोन बाटल्यांची बुचं ठेवून जरा उंच केला तर आणखी बरं. कूलर असेल तर त्याचा झोत थेट लॅपटॉपवर नको, ओलसर हवा आत जाते.

मग सर्व्हिसिंग. पंखा आणि तांब्याच्या पट्ट्यांची जाळी यांच्या मधोमध धुळीची आणि गादीच्या कापसाची एक नमद्यासारखी गादीच तयार होते, वरून ब्लोअर मारून ती निघत नाही, मागचं कव्हर उघडून पंखा काढावा लागतो. त्याच वेळी प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलून घ्या, चार-पाच वर्षांत ती वाळून खडूसारखी झालेली असते. घरी ब्लोअर मारणारच असाल तर लॅपटॉप बंद करून, पंख्याचं पातं टोकदार काडीने धरून मारा, नाहीतर तो उलटा भन्नाट फिरून खराब होतो. तोपर्यंत फुकटातला एक उपाय : कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, प्लॅनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० च्या जागी ९९ करा. टर्बो (प्रोसेसरचा जास्तीचा वेग) बंद होतो, कमाल वेग थोडा घटतो पण तापमान बरंच उतरतं आणि दुपारभर एकसारखं काम होतं. काही नव्या मशीनवर हा पर्याय दिसत नाही, दिसला तर करा.

याच जातीची एक वेगळी तक्रार चंद्रपूरहून आलीय, त्यांचा लॅपटॉप गार असूनही वेग ०.८ च्या वर जात नाही आणि चार्जर नुकताच बदललाय. चार्जरच बघा. काही कंपन्यांचे लॅपटॉप चार्जर ओळखतात आणि ओळख पटली नाही किंवा वॉट कमी पडले की वेग मुद्दाम दाबून ठेवतात. चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, वेग वाढला तर चोर सापडला.

प्रश्न : दादा, माझं डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका, हँडबिलं, निवडणूक आली की विचारायलाच नको. विंडोज ७, पेजमेकर ७, श्रीलिपी (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर), लॉक (ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती चावी) लावलेलं. लॅपटॉप आता इतका स्लो की पेजमेकर उघडेपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. सगळे म्हणतात विंडोज ११ वर जा. माझ्या जुन्या फायली उघडतील का? (इचलकरंजी)

उत्तर : सगळ्यांना म्हणू दे. चालू धंद्याचं सेटअप सीझनच्या तोंडावर हलवायचं नसतं. पेजमेकर ७ हे २००१ सालचं सॉफ्टवेअर, त्यानंतर त्याची नवी आवृत्ती आलीच नाही, नव्या विंडोजवर ते चालवायला जी झटापट लागते ती आणि लॉकचा ड्रायव्हर, जुने फॉन्ट, या सगळ्यांचं जुळवून घेईपर्यंत तुमची पंधरवड्याची कामं जातील. तुमच्या बाबतीत मी वरच्या सल्ल्याच्या उलट सांगेन, नवीन विंडोज टाकू नका, आहे तशी डिस्क एसएसडीवर क्लोन करून घ्या, म्हणजे तिची हुबेहूब प्रत काढून घ्या. क्लोनझिला नावाचं फुकट साधन आहे, बऱ्याच एसएसडी कंपन्याही आपलं क्लोनिंगचं सॉफ्टवेअर देतात. सगळं जिथल्या तिथे राहतं, लॉकसकट, आणि विंडोज ७ ला एसएसडी व्यवस्थित समजते. जुनी डिस्क पुसू नका, पाकिटात घालून कपाटात ठेवा, उद्या एसएसडीला काही झालं तर ती लावून त्याच दिवशी दुकान चालू.

दुसरं म्हणजे फॉन्ट. डीटीपीवाल्यांच्या मशीनमध्ये हजारो फॉन्ट असतात, सीडीवर आले म्हणून टाकलेले, आणि विंडोज सुरू होताना नि पेजमेकर उघडताना ते सगळे वाचले जातात. वर्षभरात वापरलेले शे-दीडशे ठेवा, बाकीचे एका फोल्डरमध्ये कॉपी करून मग फॉन्टच्या यादीतून काढा, लागला तर परत टाकता येतो. हे एसएसडीच्या आधी करून बघा, फरक पडतो.

तिसरं, या मशीनचं इंटरनेट तोडा. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, क्रोमनेही २०२३ च्या सुरुवातीला त्याच्यासाठी नव्या आवृत्त्या देणं थांबवलं. व्हॉट्सॲपवर येणारं मॅटर, बँक, जीएसटी हे सगळं मोबाईलवर किंवा दुसऱ्या मशीनवर करा आणि फाईल पेनड्राइव्हने आणा. आणि सीझन उरकल्यावर युनिकोडमध्ये काम करायची सवय सुरू करा, कारण आता मॅटर येतं ते मोबाईलवर युनिकोडमध्येच टाईप होऊन, त्याचं कन्व्हर्जन करून मग जोडाक्षरं दुरुस्त करत बसण्यात तुमचा जो वेळ जातो तो लॅपटॉपच्या खात्यात नका धरू.

प्रश्न : एमपीएससी करतेय, लॅपटॉप दादाचा जुना, आय५ सहावी जनरेशन, ८ जीबी, एसएसडी टाकलेली, मस्त चालतो. पण विंडोज ११ ला ‘सपोर्टेड नाही’ येतं. विंडोज १० संपलं म्हणजे आता हा भंगारात का? (पुणे)

उत्तर : मस्त चालतोय ना, मग भंगारात कशाला. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी जनरेशन आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, तुमची सहावी, म्हणून नकार. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे ते बंद पडलं असं नाही, सुरक्षेचे अपडेट थांबले. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात, विंडोज २२एच२ आवृत्तीचं असायला हवं आणि विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय येतो, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला की पैसे न देताही होतं. नियम टाळून विंडोज ११ टाकायच्या युक्त्या आहेत, चालतंही, पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट म्हणत नाही, त्यामुळे परीक्षेच्या वर्षात मी तरी त्या भानगडीत पडायला सांगणार नाही.

माझं मत विचाराल तर लिनक्स मिंट, विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम. पेनड्राइव्हवर घेऊन, काही न पुसता, आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा, वायफाय, आवाज, कॅमेरा चालतोय का. ४ जीबी रॅमवर ते सुखाने चालतं, त्याहून हलकं हवं असेल तर त्याचीच एक्सएफसीई आवृत्ती. क्रोम आहे, पीडीएफ आहे, लिब्रे ऑफिस आहे, अर्ज भरायच्या साइट ब्राउझरमध्ये उघडतात. मराठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आतच असतो, फोनेटिक हवा असेल तर आयबस-एम१७एन नावाचं पॅकेज टाकायचं. अडतं कुठे, तर डेस्कटॉपवालं एमएस ऑफिस, फोटोशॉप, आणि डिजिटल सहीचे काही यूएसबी टोकन. ते लागत असेल तर विंडोज आणि मिंट दोन्ही शेजारी शेजारी ठेवा, चालू करताना विचारतं कुठलं हवं. साताऱ्याच्या सरांनाही पुढेमागे हाच रस्ता आहे, फक्त एक्सेलच्या जागी लिब्रे ऑफिसचं कॅल्क, साध्या हिशेबाला काही अडत नाही.

प्रश्न : लॉकडाऊनमध्ये मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी स्वस्तातला छोटा लॅपटॉप घेतला होता. सेलेरॉन, ४ जीबी, ६४ जीबी स्टोरेज. एसएसडी टाकून फास्ट होईल का? (रत्नागिरी)

उत्तर : बहुतेक नाही. त्यातलं ६४ जीबी म्हणजे ईएमएमसी, बोर्डवर सोल्डर केलेली चिप, रॅमही तशीच, आणि प्रोसेसर मुळातच कमी ताकदीचा. काही मॉडेलमध्ये खाली एक रिकामा स्लॉट निघतो, मेकॅनिककडून उघडून बघा, नसेल तर खर्च करू नका. विंडोज काढून क्रोमओएस फ्लेक्स टाकून बघता येईल, गुगलचं आहे, फुकट आहे, ४ जीबी रॅम पुरते, नुसत्या ब्राउझरच्या कामाला बरं. त्यानेही भागलं नाही तर कंपन्यांतून निघालेले आठव्या जनरेशनचे जुने बिझनेस लॅपटॉप बघा, नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा मला ते केव्हाही पसंत, फक्त बॅटरी आणि बिजागरी नीट तपासून घ्यायची.

प्रश्न : मुलाने न्यू जर्सीहून त्याचा २०१७ चा मॅकबुक एअर आणून दिला. रॅम वाढेल का? (डोंबिवली)

उत्तर : नाही, सोल्डर केलेली असते. एसएसडी आधीच आहे. त्यावर कंपनीकडून शेवटची मिळते ती मॅकओएसची मॉन्टेरी आवृत्ती. डिस्कवर २०-२५ जीबी मोकळी करा, ब्राउझरचे टॅब कमी ठेवा, बॅटरी ‘सर्व्हिस रेकमेंडेड’ दाखवत असेल तर बदला.

पटापट : शटडाऊन करूनही लॅपटॉप जड वाटतो असं नांदेडहून लिहिलंय, ते बरोबर आहे, फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊनमध्ये विंडोज पूर्ण बंद होत नाही, आठवड्यातून एकदा ‘रीस्टार्ट’ करा. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमधून काय काय बंद करू, असं जळगावहून : मीटिंगची ॲप, गेम लाँचर, टोरेंट, प्रिंटरचे मदतनीस सगळे डिसेबल चालतील, अँटिव्हायरस आणि टचपॅड-साउंडची नावं राहू द्या. सी ड्राइव्ह लाल झालाय, सोलापूर : डाऊनलोड फोल्डर आणि व्हॉट्सॲपचे व्हिडिओ आधी, मग डिस्क क्लीनअप, पंधरा-वीस टक्के जागा मोकळी राहायला हवी. पेनड्राइव्ह लावून रॅम वाढते का, लातूर : त्याला रेडीबूस्ट म्हणतात, व्हिस्टाच्या काळातलं आहे, सोडून द्या.

प्रश्न : लॅपटॉप सहा-सात वर्षांचा, चार्जिंगला लावल्यावरच चालतो आणि फार स्लो. एसएसडी घेऊ की रॅम? जाता जाता, टचपॅड हल्ली वर आल्यासारखा वाटतो, क्लिक होत नाही, तो पण बदलावा लागेल का? (म्हापसा, गोवा)

उत्तर : एसएसडी आणि रॅम दोन्ही आत्ता राहू दे. चार्जर काढा आणि लॅपटॉप बंद करा, आत्ता. टचपॅड वर येतो तो खालची बॅटरी फुगल्यामुळे, लिथियमच्या बॅटरीत आत गॅस धरला की ती उशीसारखी होते, आणि तिला भोक पडलं किंवा ती दबली तर पेट घेऊ शकते. वर जड काही ठेवून टचपॅड खाली दाबायचा नाही, स्वतः स्क्रूड्रायव्हरने उचकटायची नाही. पलंग, पडदे, कागद यांपासून लांब, फरशीवर ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला नेऊन बॅटरी काढून घ्या. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका, ती ई-कचरा घेणाऱ्यांकडेच जायला हवी, सेंटरवाले ठेवून घेतात का ते आधीच विचारा. बऱ्याच मॉडेलमध्ये बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर लॅपटॉप चालतो, तसा चालला तर नवी बॅटरी येईपर्यंत टास्क मॅनेजर उघडून डिस्कचा आकडा बघा आणि तो कळवा, मग एसएसडी की रॅम ते सांगतो.